बाही

बबीने वहिनीच्या केसांतला गुंता बोटांनीच सोडवला आणि मग हलक्या हाताने फणी फिरवली. वहिनीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तो तिने उशीवर ठेवला होता आणि समोर बसलेल्या मैत्रिणीला ती तीच हकीकत पुन्हा सांगत होती. मैत्रीण कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत तिच्याच टेबलावर काम करायची. मेणात दात बसवताना मनगट जरा हललं तरी माणसाचं हसू वाकडं होतं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

"माझीच चूक गं," वहिनी म्हणाली. "पडताना हात टेकवायचा नाही, हे बबीने शंभरदा सांगितलं होतं. मी टेकवला."

बबी वेणीचा पेड घट्ट करत राहिली.

ज्युदोच्या वर्गाला वहिनीला तिनेच नेलं होतं. स्वतः ती आठ वर्षं जात होती, तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचली होती. वहिनी दिवसभर मान खाली घालून काम करते, पाठ मोकळी होईल, एवढाच विचार. पण वहिनीला पडणं असं काही जमलं की दोन महिन्यांत सर तिला पुढे बोलवू लागले. बघा, असं पडायचं, घाबरून नाही, हे म्हणताना ते जुन्यांकडेही बघायचे. बबी टाळ्या वाजवायची. टाळ्या वाजवताना आत काय जळतं, ते तिचं तिला ठाऊक.

त्या संध्याकाळी कमरेवरच्या फेकीचा सराव होता. समोरच्याला पाडलं तरी त्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, हा अगदी पहिला धडा. त्या धरलेल्या बाहीच्या भरवशावरच पडणारा अंग सोडून देतो. वहिनीने तसंच अंग सोडलं. आणि ती हवेत असताना बबीने मूठ उघडली.

मूठ घसरली नव्हती.

दादाने कधी विचारलं नाही. उलट, बबी सगळं करते, नणंद असावी तर अशी, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. बबी भांडी घासायची, वहिनीच्या ब्लाउजची बटणं लावायची, ताटातली पोळी मोडून द्यायची.

मैत्रीण गेल्यावर बबी फणीतले केस काढत म्हणाली,

"वहिनी, तू हात टेकवलास, कारण मी बाही सोडली."

"सुटली असेल."

"सोडली. सर सारखे तुझंच कौतुक करत होते."

वहिनी बराच वेळ प्लास्टरच्या कडेला आलेला कापूस आत सारत बसली. मग तिने विचारलं,

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"ते नवीन मुलींना माझंच उदाहरण देतात. हात टेकवला की काय होतं, त्याचं." ती उठली. "आणि मी पण तेच सांगत सुटलेय."

त्या दिवसापासून वहिनीने तिच्याकडून काही करून घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती कानापर्यंत केस कापून आली. दादा बघतच राहिला. डाव्या हाताने विंचरता येतात, एवढंच ती म्हणाली.

सोमवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी बबीने सरांना गाठलं. सर ऐकत होते आणि गाद्यांच्या फटी पायाने बुजवत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मुली जमल्यावर त्यांनी सांगितलं, की त्या अपघाताबद्दल आपण आजवर चुकीचं सांगत आलो, पडणारीची चूक नव्हती. नाव त्यांनी घेतलं नाही. खाली बसलेली बबी उठून उभी राहिली.

"मी बाही सोडली होती. मुद्दाम."

सरांनी तिला मागे, काल-परवा आलेल्यांच्या रांगेत जायला सांगितलं. फेकायचं नाही, नुसतं पडायचं. किती दिवस, हे तिनेही विचारलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर वहिनी आली. मनगट बारीक झालं होतं, रंगही उतरला होता. तिने सरांना वाकून नमस्कार केला, मागे आली आणि रांगेत एकच जागा मोकळी होती तिथे, बबीच्या शेजारी उभी राहिली. घरातून निघताना दोघी वेगवेगळ्या निघाल्या होत्या.

सरांनी टाळी वाजवली. दोघी उकिडव्या बसल्या, मागे पडल्या, गादीवर पसरलेले हात सपाट आपटले. पुन्हा. पुन्हा. सातव्या की आठव्या वेळी बबीचं डोकं गादीवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती तशीच पडून राहिली.

"हनुवटी आत घे," वहिनी छताकडे बघत म्हणाली.

बबी उठून बसली. तिने हनुवटी आत घेतली.