रक्षिताची हजेरी

कबनूरच्या मागाच्या शेडमध्ये कुणी कुणाशी आवाजानं बोलत नाही. सहा माग एकदम धडधडायला लागले की कानाशी बोंब मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून सगळे नुसते ओठ हलवतात आणि ओठ बघूनच समजून घेतात. रक्षिताला हे चालायला लागल्यापासून येत होतं. याच विद्येच्या जोरावर ती दीड वर्षं इतिहासात एम.ए. करत होती. विद्यापीठाला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

तिला खरं तर रोज कोल्हापूरला जाऊन शिकायचं होतं. पण थोरला भाऊ मल्लेश नोकरीसाठी पुण्याला गेला आणि कांड्या भरायला घरात माणूस उरलं नाही. धोट्यात सुताची भरलेली कांडी वेळेवर पडली नाही की माग बंद. तिचे आप्पा, म्हणजे वडील नागाप्पा, काही वाईट माणूस नव्हे. दूरशिक्षणाचा अर्ज त्यांनीच आणला.

"घरात बसून कालीज करायला मिळतंय की!" ते म्हणाले. "आनि काय पायजे?"

भेटेल तो हेच म्हणायचा. केवढी सोय झाली म्हणे! सोयीचं कौतुक करणाऱ्यांना एकदा या शेडमध्ये तासभर बसवायला हवं.

रोज अकराला क्रांती मॅडमचा तास असे. रक्षिता फोन कांडी मशीनला टेकवून ठेवायची, हातानं सूत जोडायची आणि डोळ्यांनी मॅडमचे ओठ वाचायची. मॅडमनी पडद्यावर नकाशा आणला की त्यांचा चेहरा जायचा आणि तिचा तास तिथंच बुडायचा. हजेरीसाठी अंगठ्याचं चित्र पाठवायचं. संध्याकाळी रेकॉर्डिंग मिळे, त्यात आवाज असे, पण तोवर सगळे उठून गेलेले. शिकणं होत होतं, मार्कही चांगले पडत होते. तरी तिचा जीव तळमळायचा. तिला बाक हवा होता. शेजारणीनं पेन मागायला हवं होतं. कुणीतरी आपलं नाव मोठ्यानं घ्यावं आणि आपण 'हजर' म्हणावं, एवढ्यासाठी ती झुरत होती. हे सांगायचं कुणाला? हसले असते लोक.

फेब्रुवारीत एका रविवारी संपर्क सत्र निघालं. प्रत्यक्ष वर्गात, दिवसभर. गेल्या वर्षी ते हुकलं होतं. यंदा तिची आई मल्लव्वा म्हणाली, "जा तू. एक दिस मी भरतो कांड्या." रक्षितानं ठेवणीतला ड्रेस घातला आणि पहिली एसटी धरली.

खिडकीजवळचा तिसरा बाक तिनं आधी हातानं पुसला, मग उगीचच एकदा कुरवाळला. बाहेर मोर ओरडत होता. वर्गात एवढी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. अकरा जण आले होते. मॅडम आल्या, त्यांनी कॅटलॉग उघडला आणि मान खाली घालून नावं घ्यायला सुरुवात केली.

"रक्षिता नागाप्पा..."

रक्षितानं ओढणी सावरली. ती उठली आणि म्हणाली, "हजर."

मॅडमनी मान वर न करताच पुन्हा नाव घेतलं. ती पुन्हा म्हणाली. मॅडमनी कॅटलॉगवर रेघ ओढली आणि पुढचं नाव घेतलं. शेजारची सौंदर्या तिच्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठं रक्षिताला उमगलं, की तिनं दोन्ही वेळा नुसते ओठ हलवले होते. आवाज फुटलाच नव्हता.

दिवसभर ती वर्गात असून गैरहजर होती. मॅडमच्या बोलण्यातला शब्द न् शब्द कानावर येत होता आणि तिला रडू येत होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "एक चांगली बातमी. यापुढची संपर्क सत्रंसुद्धा ऑनलाइन. तुमची इथवर यायची दगदग वाचली."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळे निघून गेल्यावर रक्षिता टेबलापाशी गेली.

"मॅडम, मी सकाळपास्नं हाय. माझी गैरहजेरी पडलीया."

"अगं, मग दोनदा पुकारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. पन नुसत्या ओठानंच. आमच्यात शेडात तसंच बोलत्यात."

मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी उचललेली पर्स खाली ठेवली, कॅटलॉग पुन्हा उघडला आणि रिकाम्या वर्गात पहिल्यासारखं मोठ्यानं नाव घेतलं.

"हजर!" रक्षिता अशी ओरडली की शिपाई दारात आला. मॅडम हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पहिली आणि शेवटची हजेरी होती ती.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन पुन्हा मशीनला टेकला होता. सहाही माग चालू होते. त्या दिवशी अंगठे यायची वाट न बघता मॅडमनी सावकाश, ओठ नीट उघडून एकेक नाव घेतलं. रक्षितानं आपलं नाव वाचलं. हातातलं सूत सोडून ती ताठ उभी राहिली आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाली, "हजर!"

मागांच्या धडधडीत ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. पण पलीकडच्या मागावरून आप्पांनी तिचे ओठ वाचले होते. त्यांनी भुवया उंचावून ओठ हलवले, "कुटं?"

रक्षितानं फोनकडे पाहिलं. मग ती खाली बसली. तिसऱ्या मागाच्या कांड्या संपत आल्या होत्या.