खोट सांगून विकलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग फिका निळा, दारं चार, वय सतरा वर्षं. मी कधी शर्यत जिंकले नाही, की कुणा बड्या माणसाच्या दारात झुलले नाही. तरी माझी हकीकत ऐकून ठेवा. जुनी गाडी घ्यायची वेळ कधीतरी तुमच्या घरावरही येईल.

कारखान्यातून निघाले ती मी थेट एका दंतवैद्य बाईंच्या दारात आले. बाई जेवढं लोकांच्या दातांकडे बघत, तेवढंच माझ्याकडेही. तेल बदलायची तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. "ठणका लागल्यावर धावपळ करण्यात काय अर्थ आहे?" असं त्या म्हणायच्या. त्यांच्याकडे माझी आठ वर्षं सुखात गेली. मग त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि मला एका फरशीविक्रेत्याने घेतलं.

हा माणूस वाईट नव्हता, फक्त सदा घाईत असायचा. फरश्यांचे नमुने भरून भरून माझी डिकी खाली टेकायला यायची. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला की तो म्हणायचा, "बघू पुढच्या महिन्यात." एका भर दुपारी लांबच लांब चढावर माझ्या बॉनेटखालून वाफ येऊ लागली. थांबायचं सोडून त्याने मला वरपर्यंत रेटलं. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामध्ये हेड गॅस्केट नावाची एक पातळ पट्टी असते. ती त्या दिवशी फाटली. त्याने ती बदलली नाही. रेडिएटरमध्ये गळती तात्पुरती बुजवणारी पूड ओतली आणि मला जुन्या गाड्यांच्या बाजारात नेऊन सोडलं.

तिथल्या मालकाला सगळे चकाकशेठ म्हणत. हातात कायम कापडाचा बोळा, बोलता बोलता कुठली ना कुठली गाडी पुसत असायचा. गिऱ्हाईक येणार असं कळलं की तो मला आधीच सुरू करून ठेवायचा. थंड इंजिन सुरू करताना माझ्या मागून पांढरा धूर निघे, तो कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. मला लाज वाटायची, पण गाडीला कुठे तोंड असतं? आठ महिने मी तशीच उभी होते. माझ्या शेजारी एक लालभडक गाडी होती. तिच्यापुढे माझ्याकडे कोण बघणार!

एका रविवारी एक कुटुंब आलं. वडील छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करत, आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. बरोबर दहा वर्षांची मुलगी आणि आजोबा. आजोबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला जावं लागे, दोन बसगाड्या बदलून. परतताना त्यांच्यात उभं राहण्याचंही त्राण नसे. म्हणून ही मंडळी पै-पै जमवून गाडी घ्यायला आली होती. आणि सोबत आजोबांची धाकटी बहीण होती. वडील तिला आत्या म्हणत. आत्यांनी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च आणि जुनं फडकं.

मुलगी धावत लाल गाडीत जाऊन बसली. "बाबा, हीच! हीच घ्यायची!"

"मुलीची पारख चांगली आहे हो," चकाकशेठ म्हणाले. "आत बसा ताई, सीट बघा कशी मऊ आहे."

आत्यांनी सीटकडे पाहिलंच नाही. त्यांनी सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. एरवी आत गुंडाळलेल्या त्या टोकाला मातकट डाग होता. त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला. कोपऱ्यात वाळलेला गाळ.

"शेठ, ही पोहून आली का?"

"काहीतरीच काय! थोडं पाणी गेलं असेल धुताना."

"धुताना पाणी जातं, गाळ जात नाही. ही पुरात बुडालेली गाडी आहे. हिच्या तारा कधी आणि कुठे दगा देतील, देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

मुलीचा चेहरा एवढासा झाला. मग आत्या माझ्याकडे वळल्या. खाली वाकून त्यांनी माझा सांगाडा तपासला, दारं उघडझाप केली, बोटाने गंज खरवडून पाहिला. शेवटी बॉनेटवर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"आम्ही येणार म्हणून तापवून ठेवलीत?"

चकाकशेठचा बोळा जोरात फिरू लागला.

"उद्या सकाळी येते," आत्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थंड इंजिनावर माझ्या रेडिएटरचं झाकण उघडलं. बोटाला तपकिरी चिखल लागला. किल्ली फिरवली, पांढरा धूर निघाला, पाण्यात बुडबुडे आले. माझं गुपित उघडं पडलं आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"हेड गॅस्केट गेलंय," आत्या भाच्याला म्हणाल्या. "पण बाकी गाडी धडधाकट आहे. कुठे ठोकलेली नाही, गंज नाही. हिचं दुखणं काय ते कळलंय, आणि ते मला बरं करता येतं. मात्र किंमत कमी झाली पाहिजे. सगळे पैसे गाडीत घालू नकोस, दुरुस्तीला मागे ठेवायचे."

किंमत ऐकून चकाकशेठनी हात झटकले. "एवढ्यात तर मी हिचे टायरसुद्धा देणार नाही!" मंडळी रिकाम्या हाताने परत गेली.

चौथ्या दिवशी वडील एकटेच आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आदल्या दिवशी डायलिसिसहून येताना आजोबा बसथांब्यावर कोसळले होते. कपाळाला खोक पडली होती. आता वडिलांना धीर धरवत नव्हता.

"लाल न्या की साहेब," चकाकशेठ म्हणाले. "सही करा, आत्ता किल्ली घ्या. संध्याकाळी वडिलांना फिरवून आणा."

वडील लाल गाडीत बसले. पैशांचं पाकीट त्यांनी खिशातून काढलंही. माझा तर जीव टांगणीला लागला. मग ते खिडकीतून म्हणाले, "शेठ, एक विचारू? तुमच्या वडिलांना तुम्ही हिच्यात बसवून पाठवाल का? भर पावसात, वाटेत बंद पडली तर ज्यांना दहा पावलंसुद्धा चालवत नाहीत, अशा माणसाला?"

चकाकशेठचा बोळा थांबला. ते म्हणाले, "उतरा खाली. ती फिकी घेऊन जा. तुमच्या आत्या म्हणाल्या त्या किमतीत."

पुढचे दहा दिवस मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडी पडून होते. आत्यांनी इंजिनाचा वरचा भाग काढला, लेथवाल्याकडून तो सपाट करून आणला, नवं गॅस्केट बसवलं. वडील नट धुऊन ओळीने मांडत होते. आईने गणवेशांच्या उरलेल्या निळ्या कापडाची सीटची आच्छादनं शिवली. मुलगी मात्र रुसून शेडकडे फिरकत नव्हती. अकराव्या दिवशी आत्यांनी किल्ली फिरवली. धूर नाही, बुडबुडे नाहीत. आजोबा काठी टेकत आले, मागच्या सीटवर आडवे झाले आणि म्हणाले, "अरे, ही तर माझ्या खाटेपेक्षा बरी आहे!" मुलगी हसली आणि येऊन त्यांच्या पायाशी बसली.

साडेतीन वर्षं, आठवड्याला तीन फेऱ्या. एकदा टायर पंक्चर झाला, एकदा पंख्याचा पट्टा तुटला. पण आजोबांची वेळ मी एकदाही चुकवली नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. आत्या दर महिन्याला माझं पाणी आणि तेल बघायच्या, म्हणून ते जमलं.

मग एका दुपारी आजोबा रुग्णालयातून माझ्यासोबत परत आले नाहीत.

त्यानंतर मी बरेच महिने शेडमध्येच होते. कुणाला माझ्यात बसवत नव्हतं. बॅटरी उतरली, टायरांतली हवा गेली, निळ्या आच्छादनांवर धूळ साचली. मला राग नाही आला. घरातल्या माणसांनाच सावरायला वेळ लागत होता. शेवटी आई म्हणाली, "ती अशी कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे."

माझी साफसफाई झाली आणि मला बघायला एक बेकरीवाला आला. सोबत बायको, दोघांच्या कडेवर जुळ्यांपैकी एकेक बाळ. वडिलांनी त्यांना माझ्याभोवती फिरवलं आणि सांगायला सुरुवात केली, "डावीकडची मागची काच हाताने ओढून वर घ्यावी लागते. दुसऱ्या गिअरला जरा कुरकुरते. पुढचे टायर वर्षभर चालतील, जास्त नाही. इंजिन एकदा उघडलेलं आहे, का ते सांगतो."

बेकरीवाला ऐकून ऐकून चक्रावला. "अहो, एवढं सगळं सांगितलंत तर विकणार कशी?"

"विकायचीच आहे," वडील म्हणाले, "पण कुणाच्या गळ्यात मारायची नाही."

बेकरीवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने कडेवरचं बाळ माझ्या मागच्या सीटवर ठेवलं आणि म्हणाली, "घेऊया."

मित्रांनो, हल्ली माझ्यात सतत पावाचा वास असतो आणि दोन पोरं मागे लाथा झाडत असतात. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गाडी असो की दुसरं कुठलं यंत्र, दिवा लागला की पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आणि कधी ते दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तर त्यात काय दुखतंय ते आधी सांगा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.