जहाजावर जेवायला न बसवलेली शेरवानी

मी शेरवानी बोलतेय. काळ्या सर्ज कापडाची, गुडघ्यापर्यंत लांब, गळ्यापासून बेंबीपर्यंत बटणांची. मला कुणी फाडलं नाही, जाळलं नाही, गटारात फेकलं नाही. मला फक्त जेवायला बसू दिलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा त्रागा? होय, एवढ्यासाठीच. पूर्ण ऐका, मग हसा.

उस्मानाबादला कोर्टाच्या रस्त्यावर मकबूल टेलरचं दुकान आहे. तिथं निजामाच्या राज्यात माझा जन्म झाला. कोर्टातले पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे कारकून, जलीलमियाँ आणि त्यांचे दोस्त शांतलिंग वकील एकाच दिवशी दुकानात आले आणि एकाच ताग्यातून दोघांनी कापड घेतलं. मकबूलनं दोन्ही शेरवान्या एकावर एक ठेवून एकाच कात्रीनं बेतल्या. म्हणजे मला एक जुळी बहीण होती. ती शांतलिंग वकिलांच्या अंगावर गेली, मी जलीलमियाँच्या.

त्या काळी कोर्टात शेरवानी आणि डोक्याला दस्तार, म्हणजे पगडी, घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. हिंदू असो, मुसलमान असो, लिंगायत असो, सगळ्यांना एकच नियम. एखादा परगावचा वकील धोतरावर कोट घालून आला, तर त्याला दारातच अडवत. मग तो चपराशाच्या खुंटीवरची कुणाची तरी ढगळ शेरवानी चढवून आत जाई आणि बाह्या सावरत युक्तिवाद करी. त्या हुकुमाची बाजू मी घेत नाही. अंगावर काय घालायचं हे राजानं सांगावं, ही गोष्ट मला माझ्या फायद्याची असली तरी पटत नव्हती. पण तो हुकूम उघडा होता. दारात येण्याआधी प्रत्येकाला माहीत असे.

रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा शांतलिंग वकिलांच्या घरची बायकापोरं जलीलमियाँच्या घरी आतल्या खोलीत राहिली. जलीलमियाँची बायको बिस्मिल्लाबी त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडून द्यायची आणि स्वतः तिकडं हात लावायची नाही. पुढं पोलिस ॲक्शन झाली, वारं फिरलं, आणि जलीलमियाँच्या दारावर माणसं चालून येऊ लागली. तेव्हा शांतलिंग वकील त्या दारात खुर्ची टाकून बसले. अंगात तीच शेरवानी, माझी बहीण. लोक म्हणाले, "वकीलसाहेब, उठा तिथनं." ते म्हणाले, "मला उचला, मग आत जावा." कुणी उचललं नाही.

हे सांगते ते अशासाठी, की शांतलिंग वकील भित्रे होते असं कुणी समजू नये.

राज्य बदललं. कोर्टात उर्दूच्या जागी मराठी आली. जलीलमियाँनी चाळिशी उलटल्यावर बाळबोध अक्षर गिरवलं आणि नोकरी टिकवली. मी मात्र ट्रंकेत गेले. ईद, लग्न, नाहीतर मयत, एवढ्यापुरती बाहेर यायची. बाकी दिवस डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून. माझी तक्रार नव्हती. वय झालं की माणसंसुद्धा आतल्या खोलीत जातात.

मग क्लबाला समुद्राचं वेड लागलं. वकील आणि सरकारी नोकर यांचा गावात एक टेनिसचा क्लब होता. त्याचे सेक्रेटरी बंडप्पा, मोठे सावकारी थाटाचे गृहस्थ. त्यांनी टूम काढली की दिवाळीनंतर सगळ्यांनी मुंबईला जायचं, आगबोटीनं कोकणच्या किनाऱ्यानं हवा खात फिरून यायचं. उस्मानाबादच्या निम्म्या वकिलांनी तेरणा नदीपलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. सगळे हुरळले. बंडप्पा म्हणाले, "बोटीवर वरच्या वर्गात रात्रीचं जेवण साहेबी असतंय. पोशाख झकास पायजे. गावंढळ दिसलो तर उस्मानाबादचं नाक जाईल."

पोशाख कोणता, हे ठरवायला मिटिंग झाली. त्या दिवशी जलीलमियाँ बेंबळीला होते. त्यांची थोरली बहीण बेगमबी वारली होती, तिच्या मातीला ते गेले होते. मी त्यांच्या अंगावरच होते. मिटिंगमध्ये काय ठरलं ते तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. जलीलमियाँना सांगायचं काम शांतलिंगांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, हे मागाहून कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी जलीलमियाँनी मला ट्रंकेतून काढलं आणि शांतलिंगांच्या ओसरीवर जाऊन विचारलं, "जेवणासाठी मी ही शेरवानी घेतो. चालंल न्हवं?"

शांतलिंग पान लावत होते. वर न बघता म्हणाले, "घे की."

बिस्मिल्लाबीनं मला इस्त्री केली. कोळशाची इस्त्री, वर ओलं फडकं. म्हणाली, "समुंदर पे मैली मत करना जी. खाऱ्या हवेनं बटनं काळी पडतील." जलीलमियाँ म्हणाले, "अगं, तिथं साहेबांच्या टेबलावर बसायचंय. हिला घालूनच बसणार." नोकरीत उमर घातलेला तो माणूस त्या दिवशी पोरासारखा बोलत होता. क्लबातली दोस्तमंडळी हेच त्याचं उरलेलं जग होतं. निम्मे भाऊबंद हैदराबादला गेले होते, काही कराचीला. उस्मानाबादेत आपण परके नाही, याचा पुरावा म्हणजे क्लबातली त्याची खुर्ची.

सोलापूरपर्यंत एस.टी., पुढं रेल्वे. सगळ्या वाटेत शांतलिंग जलीलमियाँच्या शेजारी बसले होते. दोघांनी एकाच डब्यातली धपाटी खाल्ली. समुद्रावर उलटी होते का यावर वाद झाला. माझ्याबद्दल शब्द नाही.

बोट सुटली. दिवसभर सगळे मलमलीचे सदरे घालून कठड्याशी उभे होते. कोण मासे मोजत होतं, कोण बंडप्पांच्या हिरव्या पडलेल्या तोंडाला हसत होतं. जलीलमियाँ तर सगळ्यांत पुढं. संध्याकाळी जेवणाची घंटा झाली. जलीलमियाँनी मला घातलं, एकेक बटण लावलं, आरशात मान उंच केली आणि जेवणाच्या दालनात गेले.

दारातला बटलर गोव्याकडचा, पांढऱ्या डगल्यातला. त्यानं वाकून सलाम केला. "आओ साब," म्हणून खुर्चीसुद्धा मागं ओढली.

तेवढ्यात बंडप्पा उठले. "जलीलमियाँ, जरा थांबा. आपलं ठरलंय न्हवं, जेवणाला बंद गळ्याचा कोट."

जलीलमियाँनी गळ्याशी बोट नेलं. "बंदच हाय की गळा. श्वास घ्यायला जागा न्हाय बघा."

मंडळी हसली. बंडप्पाही हसले. "गळ्याचं न्हाय हो, लांबीचं बोलतोय. मांडीवर थांबली की राष्ट्रीय पोशाख. गुडघ्यावर आली की निजामाची."

"दिल्लीतबी गुडघ्यापर्यंतच घालत्यात, बंडप्पा. पेपरात फोटो येतात, बघा."

"ते दिल्लीचे. आपण उस्मानाबादचे."

आता कुणी हसलं नाही. इतक्या लहान वाक्यात एवढं मोठं बोलून झालं, की बोलणाऱ्यालाही ते पेलेना. बंडप्पा चटकन म्हणाले, "माझ्याकडं जादा कोट हाय. देऊ का?"

"कुणी ठरवलं हे?"

"मिटिंगमधी. शांतलिंगांनी सांगितलं असंल की."

सगळ्या माना शांतलिंगांकडं वळल्या. ते टेबलाच्या टोकाला बसले होते. अंगात बंद गळ्याचा आखूड कोट. जलीलमियाँ त्यांच्याकडं बघत राहिले, मग त्यांची नजर कोटाच्या मनगटावर थांबली. तिथं सिगारेटच्या ठिणगीनं कधीकाळी भोक पडलं होतं आणि मकबूलनं रफू केलं होतं. तो रफू जलीलमियाँ ओळखत होते. मीही ओळखत होते. माझी बहीण होती ती. गुडघ्यापासून मांडीपर्यंत छाटलेली, आणि टेबलाशी बसलेली.

"सांगायचं राहून गेलं," शांतलिंग ताटलीकडं बघत म्हणाले.

बिचारा बटलर गोंधळला. "साब, जहाज का ऐसा कोई कानून नहीं है. लुंगी, बनियन नहीं चलता, बस्स."

ऐकलंत? बोटीचा नियम नव्हता. गोऱ्या साहेबाचा नव्हता, सरकारचा नव्हता. सुट्टीवर आलेल्या, हवा खायला निघालेल्या माणसांनी आपल्याच एका माणसासाठी तो घरून बांधून आणला होता, धपाट्यांसारखा. मी विचारते, सहलीला जाणाऱ्याच्या कपड्याची लांबी मोजायची कुणाला गरज पडते? समुद्राला? माशांना? कोर्टात नियम असेल, देवळात असेल, मशिदीत असेल. पण जिथं माणूस नियमांपासून चार दिवस सुटायला जातो, तिथं पोशाखाचा नियम करणारा माणूस पोशाखाचा विचारच करत नसतो. त्याला कुणाला तरी दारात उभं करायचं असतं. कापड नुसतं निमित्त.

जलीलमियाँनी बंडप्पांचा कोट घेतला नाही. ते बाहेर कठड्याशी जाऊन उभे राहिले. आतून चमच्यांचा आवाज येत होता. बटलर झाकलेली ताटली घेऊन आला, ती त्यांनी परत पाठवली. खारं वारं माझ्या घेरात शिरत होतं.

जेवण आटोपल्यावर शांतलिंग आले. तेही कठड्याशी उभे राहिले.

"सकाळी नाश्त्याला ये," शांतलिंग म्हणाले. "तेव्हा काही नेम न्हाय."

"शांतलिंग, सोलापूरपर्यंत मांडीला मांडी लावून बसलास. तिथं सांगायचं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता लई छान वाटतंय."

"मिटिंगमधी तुझ्या बाजूचा मी एकटाच होतो रे. बोललो असतो तर म्हणले असते..."

"काय म्हणले असते?"

दारात खुर्ची टाकून, मला उचला म्हणणारा हा माणूस. तेव्हा समोर काठ्या होत्या. आता समोर फक्त टेनिस खेळणारी, रोज भेटणारी, हसून बोलणारी मंडळी होती, आणि तेवढ्यांना तो भ्याला. जिवावर बेतलं की माणूस मोठा होतो हे मी पाहिलंय. चहाच्या कपाभोवती तोच किती लहान होतो, हे त्या बोटीवर पाहिलं.

पण मला खरा दगा शांतलिंगांनी दिला नाही.

सकाळी जलीलमियाँ पांढरा सदरा घालून नाश्त्याला गेले. मी केबिनच्या खुंटीवर, बोटीबरोबर डुलत. पलीकडून हसण्याचा आवाज आला. बंडप्पांच्या उलटीवर कुणी काही बोललं होतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज जलीलमियाँचा होता. ते हसत होते! रात्री काहीच झालं नव्हतं, असं हसत होते. मला वाटलं होतं, हा माणूस परतीची वाट धरेल, निदान तोंड फिरवेल. पण त्याला त्या टेबलाची गरज होती. मला नव्हती.

घरी बिस्मिल्लाबीनं विचारलं, "कैसी लगी शेरवानी सबकू?"

"एकदम झकास," जलीलमियाँ म्हणाले. "बटलरनं वाकून सलाम केला."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

वर्ष गेलं. क्लबानं पुन्हा बोटीची सहल काढली. जलीलमियाँनी मला घडी घालून बगलेत मारलं आणि मकबूलच्या दुकानात आणून फळीवर टाकलं. "मांडीवर काप," ते म्हणाले.

मकबूलनं मला उलटीपालटी केली. आता त्याच्या डोळ्यांवर जाड भिंगं होती. "मियाँ, कापड चांगलं हाय अजून. नवा कोट शिवून देतो. हिला राहू द्या."

"हिलाच काप."

खडूची रेघ पडली. तेवढ्यात कोर्टाकडं जाणारे शांतलिंग वकील दुकानासमोर थांबले. त्यांनी फळीवर मला पाहिलं आणि पायरी चढून आले. "जलील, नको. या खेपेला मी बंडप्पांशी बोलतो. नेमच काढायला लावतो."

"मिटिंग परवाच झाली," जलीलमियाँ म्हणाले. "मी होतो. तूबी होतास."

मकबूलनं कात्री हातात घेतली होती, पण ती उघडत नव्हती. जलीलमियाँ त्याला म्हणाले, "चालव रे."

कात्री चालली. दुखलं का म्हणून विचारू नका. कापडाला दुखत नाही असं तुम्ही मानता, तसंच माना. मी एवढंच मागते: नियम करायचे तर करा, पण ज्याच्या अंगावर ते पडणार त्याला तोंडावर सांगा. आणि चार माणसं हसतखेळत बाहेर पडली असतील, तर त्यांना जे हवं ते घालू द्या. नाहीतर त्याला सहल म्हणू नका.

मकबूलनं खालचा कापलेला घेर झटकला, घडी घातली. "ह्या उरलेल्याचं काय करू, मियाँ?"

जलीलमियाँनी तो त्याच्या हातातून घेतला आणि शांतलिंगांच्या हातावर ठेवला.

"ह्यो तू ठेव," ते म्हणाले. "मला घरी नेता येणार न्हाय. ती विचारंल."

मग ते मला, म्हणजे जो कोट उरला होता त्याला, मापासाठी अंगात घालून आरशापुढं उभे राहिले. आरशात मागचा रस्ता दिसत होता. भर दुपारी, कोर्टाच्या वाटेवर, पायरी उतरून गेलेले, काळा गाऊन घातलेले शांतलिंग वकील दोन्ही हातांवर माझा अर्धा देह घेऊन उभे होते. येणारेजाणारे नमस्कार करत होते. हात मोकळे नसल्यानं त्यांना एकालाही उलट नमस्कार करता येत नव्हता.