काचेवरचा ओरखडा

तांड्याच्या नायकाच्या घरची सून सोलरच्या पाट्या धुवायला जाते आणि सासूला साधं विचारतही नाही, हे हिरीबाईला दारात तुरीच्या शेंगा सोलताना राहून राहून डाचत होतं.

"न सांगता गेली," ती शेजारच्या रुपाबाईला म्हणाली. "निळं जाकीट घातलं का सोताले साहेबीन समजते. घरचे भांडे घासाले कंबर दुखते, अन् लोकाइच्या पाट्या घासाले बरी चालते."

"बैठकीत तूच त भांडली ना? टेकडी पाह्यजे त आमच्या बायाइले काम द्या म्हून."

"बायाइले म्हनलं. माह्या सुनेले म्हनलं काय?"

किन्हीराजा गावाच्या पलीकडची चराईची टेकडी सोलरवाल्यांनी मागितली, तेव्हा तांड्यातले गडी माना खाली घालून बसले होते. मेलेल्या नायकाची ही बायको तेवढी उभी राहिली होती. तिचा लेक गोविंदसिंग दरसाल ऊसतोडीला जायचा. यंदाही गेला होता. इथं बारमाही कमाई झाली तर पुढच्या साली त्याला कोयता उचलावा लागणार नाही, असं सुनेचं, उज्ज्वलाचं म्हणणं. हिरीबाईला ते पटलं होतं. कबूल करायचं तेवढं राहिलं होतं.

ऊन कलताना उज्ज्वला टेकडी उतरताना दिसली. हिरीबाईने टोमणा ओठावर आणला आणि तो तिथेच सुकला.

सुनेचे दंड उघडे होते.

लग्नात हिरीबाईने स्वतः चढवलेला पांढरा चुडा दंडावर नव्हता. तांड्यात तो एकदाच उतरतो, नवरा गेला की. हिरीबाईचा नायकाच्या तिरडीजवळ उतरला होता. आणि उसाच्या फडावरून फोन यायचे ते सुनेलाच.

"गोविंद्या रे..." म्हणत ती जमिनीवर कोसळली. सुपातल्या शेंगा उधळल्या. रुपाबाईने काही विचारलं नाही. तिनेही ते दंड पाहिले होते. मयताच्या घरी चूल पेटती ठेवत नाहीत, म्हणून आत जाऊन तिने पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं.

हंबरडा ऐकून उज्ज्वला धावत आली. सासूच्या तोंडी नवऱ्याचं नाव ऐकलं, विझलेली चूल पाहिली आणि उंबऱ्यातच बसली. बाया जमल्या, दोघींना धरून रडू लागल्या.

"तुमाले कोनं सांगतलं?" उज्ज्वलाला कसाबसा आवाज फुटला.

"मले कोन सांगन? फोन तुले आला ना?"

"मले कोनाचाच फोन नाही आला."

बायांचं रडणं एकदम थांबलं. रुपाबाईने गोविंदसिंगला फोन लावून स्पीकर चालू केला.

"जेवून राह्यलो," तो घास चावत म्हणाला. "काहून? याडी रडून राह्यली काय? मायचा आवाज आला मले."

कोणी हसलं नाही. उज्ज्वलाने डब्याच्या फडक्यातून चुडा काढून सासूसमोर ठेवला.

"सुपरवायझर म्हने, यानं काचेवर ओरखडे पडतात. काढा, नाही त येऊ नोका. मंग म्या साबन लावून..."

हिरीबाई ओल्या राखेकडे बघत राहिली. मग तिने वाटीत तेल घेतलं आणि आपल्या उघड्या हातांनी एकेक बांगडी सुनेच्या दंडावर चढवली. शेवटची चढल्यावर जुन्या ओढणीची पट्टी फाडून वरून घट्ट गुंडाळली.

"काम सोडू नोको," ती म्हणाली. "भर बैठकीत मांगून घेतलं म्या ते. सुपरवायझर काही बोलला त त्याले माह्याकडं पाठव. टेकडी देली म्या त्याहिले. लेक नाही देला."