दिवसाच्या गाड्या

“समुद्र इतका जवळ नसतो,” वन्सं म्हणाल्या, आणि तळहाताच्या कडेने त्यांनी समुद्र वीतभर मागे सारला.

“अहो, टेबल संपलं की तिथे! आता काय समुद्र खाली सांडू?”

“सांड. पण खोटं नको. त्या बंदरावरच्या माणसांशी मी आयुष्यभर बोललेय. खूप लांबून आवाज यायचा त्यांचा.”

पीठ मळायच्या लांबलचक टेबलावर पाववालीने देश पसरला होता. सगळा मैद्याचा. मधोमध बोटाने ओढलेली नदी, वरच्या अंगाला चिमटीचिमटीने उभे केलेले डोंगर आणि उजव्या कोपऱ्यात उलटी ठेवलेली वाटी, ती त्यांची गल्ली. खरं तर देशाच्या मानाने गल्ली मोहरीएवढीही भरली नसती. पण घर कधी मोहरीएवढं काढायचं असतं का?

वन्सं म्हणजे पाववाल्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोनच्या ऑफिसात कानाला यंत्र लावून या गावाचं त्या गावाशी बोलणं जोडून देण्यात केस पिकले. सगळा देश त्यांना आवाजाने ठाऊक होता. डोंगरातली माणसं तुटक बोलतात, नदीकाठची भांडल्यासारखी बोलतात पण मनाने साधी, असं त्या छातीठोकपणे सांगत. पाहिलेलं मात्र यातलं काहीच नव्हतं.

पाववालीने तेवढंही ऐकलेलं नव्हतं. तिचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे. लग्न होऊन ती या गल्लीत आली, ती थेट भट्टीसमोर. बेकरीचं आयुष्य उलट्या घड्याळाचं. गल्लीतले दिवे मालवले की यांचा दिवस उगवणार, आणि लोक दात घासत पावाला आले की यांना जांभया. माल संपला की जेवण, जेवण झालं की खिडकीला जाड पडदा. बाहेर पोरं शाळेत जात, मोठी होत, त्यांची लग्नं होत, आणि पडद्याच्या आत ही दोघं घोरत असत.

आता मात्र गल्ली खणायची होती. जुने नळ काढून नवे घालायचे, म्हणून तीन आठवडे रस्ता बंद, अशी पाटी कोपऱ्यावर लागली. सगळे दुकानदार कपाळाला हात लावून बसले. पाववालीने पाटी वाचली, परत येऊन टेबलावर पसाभर मैदा ओतला आणि म्हणाली, “आपण देश बघायला जायचं.”

पाववाले पोत्यावर बसून चहा पीत होते. देशाकडे पाठ करून.

“तुम्ही दोघी जाऊन या,” ते म्हणाले. “मी थांबतो भट्टीपाशी.”

“थांबून करणार काय? पाव कुणाला विकणार, खड्ड्याला?”

“भट्टी विझवायची नसते.”

“का पण?”

“विटांची आहे. गार झाली की तडकते.”

“सावकाश गार केली तर नाही तडकत. तुम्हीच त्या नव्या बेकरीवाल्याला सांगत होतात. दार लावून ठेवायचं, वारा लागू द्यायचा नाही, आल्यावर दोन दिवस बारीक जाळ करायचा...”

“त्याची भट्टी वेगळी.”

“आणि दादा, मी कशाला जाऊ?” वन्सं मधे पडल्या. “मला ती गावं ऐकलेलीच बरी. पाहिली आणि आवाजाशी जुळली नाहीत तर? तू जा. वहिनीने आजवर काही मागितलंय तुझ्याकडे?”

“मागितलं होतं,” पाववाली म्हणाली. “मोठं पातेलं. ते मिळालं.”

पाववाल्यांनी कप ठेवला, देशाला वळसा घातला आणि वर झोपायला निघून गेले. जिना चढतानाची त्यांची पावलं ती ऐकत राहिली. माणूस हट्टी नव्हता. लग्न झाल्यापासून त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता की कधी घरात कुणाला अडवलं नव्हतं. म्हणून तर हे नाही म्हणणं तिला कळेना. तिकिटापुरते पैसे होते, गुडघे अजून चालत होते. मग घोडं अडलं कुठे?

वन्सं नखाने डोंगर कोरत होत्या. “वहिनी, एक सांगू? रागावू नकोस. ती भट्टी एकदा गार केली होती. बाबांनी.”

“कधी?”

“आई गेली तेव्हा. मी पाळण्यात होते, मला नंतर आत्याने सांगितलं. सगळे स्मशानातून परत आले तर दादा कुठे सापडेना. शोधून शोधून थकले. भट्टीसमोर बसला होता, सात-आठ वर्षांचा. हात आत घालून. गार भट्टीत.” त्यांनी हात झटकले. “त्यानंतर बाबांनी ती कधी विझू दिली नाही. आणि दादाने तर नाहीच नाही.”

पाववालीने हाताचं पीठ पदराला पुसलं. इतकी वर्षं एका टेबलाशी उभं राहून पीठ मळलं, आणि या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही. आधी तिला राग आला. मग वाटलं, सांगणार तरी कधी होते? कामाच्या वेळी हात बांधलेले, आणि काम संपलं की डोळे मिटलेले.

संध्याकाळी उठल्यावर दोघं पीठ भिजवायला उभी राहिली. तिने पाणी ओतलं आणि सरळच म्हणाली, “सासूबाई गेल्या तेव्हाचं वन्संनी सांगितलं मला.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “तिला काय आठवणार! पाळण्यात होती.”

“तुम्हाला आठवतं ना?”

“मीठ टाक.”

तिने मीठ टाकलं. “मी विसरा असं म्हणत नाही. पण त्या भट्टीला गार व्हायचं एकच कारण माहीत आहे. दुसरं एखादं कळू दे की तिला.”

“भट्टीला काय कळतंय!”

“तेच म्हणतेय मी.”

पाववाल्यांनी पिठाचा गोळा उचलून टेबलावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. जेवढा आपटायला हवा होता त्याहून जरा जास्तच वेळा. त्या दिवशीचे पाव अगदी कापसासारखे झाले, असं दुसऱ्या सकाळी तीन गिऱ्हाइकांनी आपणहून सांगितलं.

त्याच सकाळी माल संपल्यावर ते म्हणाले, “तिकिटं विचारून तर येऊ. विचारायला काय लागतं.”

पाववालीने तोंडावर काही दाखवलं नाही. उगाच हसावं आणि मासळी गळावरून सुटावी, असं व्हायला नको. पण वर जाऊन तिने आरशात बघून घेतलं हसून.

पुढचे दोन दिवस दोघांनी गाड्यांचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन प्रवास मांडला. शेवटी शेवटी तर पाववालेच तिच्या हातून पेन्सिल ओढून घेऊ लागले. कुठून निघायचं, कुठे उतरायचं, कुठे झोपायचं, सगळं बिनचूक. पावाला वाफ लागते तशी त्या आखणीला हळूहळू वाफ लागली आणि ती फुगली.

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंचा चष्मा दोरीला बांधलेला होता. त्यांनी सगळं ऐकत ऐकत यंत्रात भरायला घेतलं, आणि मध्येच बोटं थांबवली.

“ताई, ही गाडी रात्री अकराला सुटते. पहाटे चारला उतरवते.”

“हो. तीच.”

“चारला उतरून काय करणार?”

“गाव बघणार,” पाववाली म्हणाली. “त्या वेळी सगळं ताजं असतं.”

“बंद असतं!”

“मग दहाला जेवून झोपणार,” पाववाल्यांनी खुलासा केला. “उठलो की रात्री पुढची गाडी.”

“आणि त्याच्या पुढची?”

“तीही तशीच. सगळ्याच तशा बघून घेतल्यात.”

बाईंनी चष्मा काढला. तो छातीवर लोंबकळू लागला. “अहो, या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढा देश ओलांडणार तुम्ही. मधे नदी लागते, पूल आहे हा एवढा. मग डोंगर. मग ते गवताचं मैदान, अर्धा दिवस संपत नाही. आणि तुम्ही सगळं अंधारात जाणार? दिसणार काय तुम्हाला? आपलंच तोंड, काचेत.”

पाववालीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. दोन दिवस दोघं डोकं लावून बसली होती, आणि हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. उन्हात जागं राहायचं असतं, हेच मुळात विसरायला झालं होतं.

तिला वाटलं, संपलं. आता हे म्हणणार, बघ, आपल्याला जमायचं नाही, चल घरी.

पाववाल्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. आवाज न करता हसत होते ते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नानंतर पहिल्यांदा पाव करपले होते तेव्हा असे हसले होते.

“बाई,” त्यांनी डोळे पुसत विचारलं, “दिवसाच्या गाड्या असतात?”

“असतात हो. बरेच लोक दिवसा जागे असतात.”

“मग दिवसाच्या द्या. सगळ्या. आणि खिडकी, दोघांनाही.”

“दोघांना खिडकी म्हणजे समोरासमोर बसावं लागेल. शेजारी नाही.”

“चालेल,” पाववाले म्हणाले. “शेजारी खूप झालं.”

गल्ली खणायच्या आदल्या सकाळी शेवटचा माल निघाला. पाववाल्यांनी निखारे पुढे ओढले, राख भरली आणि लोखंडी दार लावलं. त्यानंतर भट्टी सावकाश, मोठ्या घरच्या सुनेसारखी तोऱ्यात गार व्हायला लागली. पहिल्यांदा तिच्यात टोस्ट कडक करून झाले. मग वन्संनी सफरचंदाच्या चकत्या वाळवून घेतल्या. मग पाववाल्यांनी दाराच्या फटींत ओली माती दाबली, आणि वन्संनी आपली धुतलेली लोकरीची शाल आणून वरच्या विटांवर पसरली. पाववाले येता-जाता विटांना हात लावून बघत.

“ताप उतरला का रोग्याचा?” वन्सं विचारत.

“आहे थोडी कणकण,” ते म्हणत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माती खरवडून दार उघडलं. पाववाली डब्यात टोस्ट भरत होती, तिचा हात जागीच राहिला. त्यांनी आधी पंजा आत घातला. मग कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. तसेच उभे राहिले. ती पुढे झाली नाही. बाहेर फावड्यांचा आवाज चालला होता, कुणीतरी कुणाला तरी नळ धर, नळ धर, म्हणून ओरडत होतं.

मग ते म्हणाले, “बॅटरी दे गं जरा.”

बॅटरी घेऊन त्यांनी डोकं आत घातलं. बराच वेळ फक्त पाठ आणि चप्पल दिसत होती.

“अहो?”

“भेग आहे.” आवाज आतून घुमून आला.

तिने डबा खाली ठेवला. “पडली का हो?”

“आत्ताची नाही. आतपर्यंत काजळी बसलीय. जुनी आहे. चांगली हातभर.” ते बाहेर आले. नाकाला काळं लागलं होतं. “बाबांच्या वेळची असणार.”

“म्हणजे एवढी वर्षं...”

“भेग घेऊनच भाजत होती बिचारी. पाव कधी कच्चा निघाला का आपला?” त्यांनी भट्टीच्या पाठीवर थाप मारली. “आल्यावर लिंपून घेऊ. बरं झालं, गार केली. चालू भट्टीत कुणाला दिसणार, आणि कोण हात घालणार?”

एवढं बोलून ते आपली बॅग आवरायला वर गेले. जिना चढताना काहीतरी गुणगुणत होते. सूर नव्हता, पण गुणगुणत होते.

गाडी सकाळची होती. खणलेल्या गल्लीतून फळ्यांवर पाय ठेवत, वन्संच्या सूचना पाठीवर घेत दोघं निघाली. गावाबाहेर गाडी आली तसं शेतांवर ऊन पडलं, आणि पाववालीला काय बघू आणि काय नको असं झालं. साधी झाडंसुद्धा किती हिरवी असतात दिवसा!

दहा वाजले तसे पाववाल्यांचे डोळे जड झाले. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका तिकिटाने जाणार? ते सारखे चेहऱ्यावरून हात फिरवत होते.

“मला झोपू देऊ नको हं,” ते म्हणाले. “ती नदी यायचीय.”

“नाही देत.”

गाडीने वळण घेतलं आणि ऊन त्यांच्या तोंडावर आलं. पाववालीने पाहिलं, डाव्या भुवईत पीठ राहिलंय. त्यांच्या तोंडावरचं पीठ ती रोजच पुसायची, काही न बोलता, कामातल्या कामात. तिने पुढे वाकून अंगठ्याने भुवई पुसली. पुन्हा पुसली. मग उजव्या भुवईकडे पाहिलं. तिथेही तसंच होतं.

“निघत नाहीये?” पाववाल्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“नाही.”

“मग राहू दे.”

तिचा अंगठा थोडा वेळ तिथेच राहिला. मग गाडीचा आवाज बदलला, पोकळ झाला, खाली काहीतरी मोठं मोकळं असल्यासारखा.

“अहो, उठा,” ती म्हणाली. “पूल आला.”