मशीनवरचा पाय

अवंतिकाचा उजवा पाय शिलाई मशीनवर व्यवस्थित चालायचा आणि जमिनीवर चालायचा नाही, हेच सगळ्या भांडणाचं मूळ होतं. दिवसाला चार ब्लाउज शिवायची ती. पाय पायट्यावर टाकला की मशीनचा पट्टा गरागरा फिरायचा. पण काम संपवून उठली की तोच पाय फरशीवर ओल्या पोत्यासारखा घासत यायचा. तीन महिन्यांत दुसऱ्या मजल्यावरून ती खाली उतरली होती ती फक्त दवाखान्यापुरती, तीही दोघांच्या खांद्यावर हात टाकून.

"मशीनवर बरा चालतोय की गं," सासूबाई, म्हणजे आक्का, रोज एकदा तरी म्हणायच्या. "स्वयंपाकघरात यायचं म्हटलं की मरतोय व्हय?"

अवंतिका मान खाली घालून पुढची शिवण घ्यायची.

संधिवात तिला सहा वर्षांपासूनचा. अंगाची राखण करणारी ताकदच आपल्या सांध्यांवर उलटते, त्या जातीचा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीने बोटं ताळ्यावर होती, म्हणून तर शिवण चालू होतं. पाय ओढायला लागल्यावर सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, हे माझ्यातलं नाही. मग मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, दोन्ही पाय उचलायला, दाबायला लावले आणि नीट समजावलं. मेंदू शाबूत आहे, नस शाबूत आहे, मेंदूचा निरोप मात्र पायाला नीट पोचत नाही. लक्ष देऊन पाऊल टाकायला गेलं की अडतं, लक्ष दुसरीकडे असलं की चालतं. हे सोंग नाही. संधिवातासारखे आजार असलेल्यांत हे बऱ्याचदा दिसतं, का ते अजून पुरतं कळलेलं नाही. व्यायामाने सुधारेल, दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं. आणि संधिवाताची गोळी अजिबात थांबवायची नाही.

एवढ्या सगळ्यातून नवऱ्याने, विजयसिंहाने, एकच वाक्य उचललं. रिपोर्ट नॉर्मल आहे.

"सगळं मनाचं हाय," त्याने घरी येऊन जाहीर केलं. "पायाचं मनाचं, म्हंजे सांध्याचंबी मनाचंच असणार. सहा वर्सं उगंच गोळ्या खातीयास. बंद कर बघू."

एका आजाराने दुसऱ्याला खोटं पाडायचं, हे ह्याच माणसाच्या डोक्यातून निघू शकतं. घरातल्या गोळ्या संपल्या, तर त्याने नव्या आणल्या नाहीत आणि व्यायामालाही नेलं नाही. शाहूपुरीत त्याचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, शेजारीच औषधाचं. हात लांब केला असता तरी गोळी मिळाली असती. तिने स्वतः औषधवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, वहिनी, चिठ्ठी लागेल. चिठ्ठी फाइलीत, फाइल विजयसिंहाच्या गाडीच्या डिकीत आणि डिकी दोन मजले खाली. महिनाभर तिने रोज आठवण करून दिली. 'बघूया की' याच्यापुढे तो सरकला नाही.

एका सोमवारी सकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना. बोटांचे सांधे टम्म फुगलेले, लाल, हात लावू देईनात. कात्री उचलायला गेली तर ती खाली पडली आणि अवंतिका कळवळून ओरडली.

आणि काय चमत्कार! अख्खं घर हललं. आक्का गरम पाण्याचं पातेलं घेऊन धावत आल्या. "अगं बया, बोटं बघ कशी झाल्यात पोरीची! विजू, आरं पळ की!" विजयसिंह हातातला चहा तसाच ठेवून उठला.

अवंतिकाला क्षणभर हायसं वाटलं. दिसलं एकदाचं ह्यांना. आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी चीड आली, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपलं दुखणं पटावं म्हणून माणसाने सुजून दाखवायचं का?

"गोळी घिऊन येतो," विजयसिंह दारात चपला घालत म्हणाला. "हे खरं दुखणं हाय."

"आणि पाय?"

"पायाचं येगळं. मनावर घेतलंस तर हलंल त्यो."

"थांबा!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की आक्का दचकल्या. मशीनला, भिंतीला धरत, पाय ओढत ती दारापर्यंत आली. "ह्यो जिना दिवसातनं दहादा उतरता न्हवं? आता माझ्या म्होरं उतरा. पर दर पायरीला आदी ठरवायचं. कुठला पाय, गुडघा किती वाकवायचा, टाच आदी का चवडा. आमी दोघी बघतोय."

"त्यात काय अवघड हाय?" तो हसत वळला.

पहिली पायरी उतरला. दुसरीला थोडा थांबला. तिसरीला त्याचा पाय अधांतरीच राहिला, तोल गेला आणि त्याने कठडा गच्च धरला. चप्पल सुटून खटखट खाली गेली. आक्का हसायला लागल्या आणि मधेच हसू आवरून अवंतिकाच्या पायाकडे बघू लागल्या.

"तुमचा एका पायरीला अडला," अवंतिका म्हणाली. "माझा तीन म्हैनं अडलाय. तुमी आता इसरून पळत जाशीला. मला इसरता येत न्हाय, एवढंच हाय."

एक पाय अनवाणी, कठड्याला धरून विजयसिंह हळूहळू खाली गेला. चप्पल घातल्याचा आवाज आला.

"अगं," खालून हाक आली, "उद्या मंगळवार न्हवं? व्यायामाला किती वाजता जायचं हाय?"

"साडेचारला!" ती वरून ओरडली. "आणि डिकीतली फाइल आदी वर आणा!"