लोबानाची धुरी घेतलेली चिरुटांची अलमारी

मित्रांनो, मी एक जुनी अलमारी आहे. कपड्यांची नाही, भांड्यांची तर मुळीच नाही. माझ्यात चिरूट ठेवत असत. चिरूट म्हणजे तंबाखूच्या पानांची जाड गुंडाळी, आणि ती ओढणं वाईटच, हे मलाही कळतं. पण आपल्याला कशासाठी घडवलं यावर आपला इलाज नसतो. कसं घडवलं ते मात्र सांगण्यासारखं असतं. ज्यानं मला घडवलं त्याच्याबद्दल बोलायला लागले की मी लवकर थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याचं नाव निजाम मिस्त्री. जुन्या नाशकात, आपल्या घराच्या अंगणात तो टांगे बांधायचा. निजामचा टांगा खड्ड्यात आदळला तरी आईच्या मांडीवरचं पोर जागं होत नाही, असं टांगेवाले सांगत. पण एकोणीसशे चौतीस साल उजाडेपर्यंत त्र्यंबकच्या रस्त्यावर मोटारी धावायला लागल्या होत्या आणि नव्या टांग्याचं कुणी नावही काढेना. मुंबईहून त्याचा मेहुणा अन्सार पत्रं पाठवत होता, की इकडे या, गोदीजवळच्या वखारीत खोकी ठोकायचं काम आहे. टांगे बांधणाऱ्या हातांनी खोकी ठोकायची! निजामला ते नको होतं, त्याच्या बायकोला, गुलजारबीला, त्याहून नको होतं. पण नाशकात दुसरं काम तर हवं ना?

ते काम देवळालीच्या कॅम्पातून आलं. तिथे यादवशेठचं दुकान होतं. गोऱ्या साहेबांना लागणारा सगळा माल ते ठेवत, चिरूटसुद्धा. शेठ स्वतः माळकरी, तंबाखूला शिवत नसत. डबा हातात घ्यायची वेळ आली की नाक मुरडून दोन बोटांत धरत. ते एकदा निजामला म्हणाले, "निजामभाई, इथली कोरडी हवा क्षयाच्या रोग्यांना मानवते, पण या चिरुटांना काही मानवत नाही. उन्हाळ्यात पापडासारखे मोडतात, पावसाळ्यात बुरशी धरतात. साहेब लोक मुंबईहून मागवायला लागलेत. हे जपेल असं एक कपाट करून द्या. जमलं तर दुकानातली सगळी कपाटं तुम्हीच करायची."

निजामनं चिरुटांचा एक रिकामा लाकडी डबा मागून घेतला. नखानं खरवडला, नाकाशी धरला. "शेठ, हे तर तुणीचं लाकूड. तूण आमच्या पेठच्या रानात होते," तो म्हणाला. पेठकडचा काळू दर हंगामात त्याला लाकूड आणून द्यायचा. काळूच्या घरामागे वाऱ्यानं पडलेली एक तूण दोन पावसाळे छपराखाली वाळत पडली होती. रंगानं तांबूस, वजनानं हलकी, वासाला गोडसर. मित्रांनो, तीच मी.

महिनाभर तो माझ्याभोवती होता. करवत, रंधा, पटाशी, पुन्हा रंधा. माझ्या अंगात एकही खिळा नाही, दातात दात बसवून त्यानं माझे सांधे केले. सरस लावला नाही, कारण सरसाला वास येतो. बाहेरून लाखेची झिलई दिली आणि आतून मला कोरंच ठेवलं. दार बसवायला त्याला नऊ दिवस लागले. पतंगाचा कागद फटीत धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा. कागद सरकला की दार काढून पुन्हा रंधा. दहाव्या दिवशी कागद फाटला पण निघाला नाही, तेव्हा हा माणूस एकटाच हसला.

ओलाव्याचं गणित मात्र गुलजारबीचं. ती सिन्नरच्या तांबोळ्याची लेक. विड्याची पानं महिना महिना ताजी कशी ठेवायची हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. घरात ती दोघं आपल्या बोलीत बोलत, मी तुम्हाला मराठीत सांगते. ती म्हणाली, "अहो, पानाला पाणी पाजायचं नसतं, नुसती गारव्याची सोबत द्यायची असते." तिनं कुंभाराकडून कच्च्या भाजणीचं एक बोळकं आणलं, त्यात पाणी भरून तोंडाला फडकं बांधलं आणि माझ्या तळाशी ठेवलं. वरचे कप्पे तिनं सलग फळ्यांचे करू दिले नाहीत. पट्ट्या-पट्ट्यांचे करायला लावले, म्हणजे गारवा वरपर्यंत चढेल. आठवड्याला एकदा चिरूट खालचे वर आणि वरचे खाली करायचे, हेही तिचंच. एवढं शहाणपण एका घरात! मला तर माझ्या नशिबाचा हेवा वाटायचा.

मी तयार झाले तेव्हा गुलजारबी भाचीच्या लग्नाला सिन्नरला गेली होती. आणि इथेच घोळ झाला.

निजामच्या अंगणातून नवा टांगा बाहेर पडताना त्याला लोबानाची धुरी दिल्याशिवाय तो जाऊ देत नसे. त्याच्या बापानंही कधी तसा जाऊ दिला नव्हता. आता माझी पाळी आली. माझ्यावर तर त्याची सगळी भिस्त होती. त्यानं निखाऱ्यांवर मूठभर लोबान टाकला, ते भांडं माझ्या पोटात ठेवलं आणि बरकत बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं. तेच दार, ज्यातून पतंगाचा कागदही निघत नव्हता. धूर जाणार कुठे? तो माझ्या कोऱ्या लाकडात मुरला. आणि मी काय केलं? मी फुगले. एवढा मान एकाही टांग्याला मिळाला नाही, म्हणून मिरवत बसले. अती तेथे माती म्हणतात ते खोटं नाही.

वैशाखाच्या उन्हात मी शेठच्या दुकानात गेले. त्यांनी माझ्यात चिरूट भरले. दोन आठवड्यांनी दार उघडलं तेव्हा चिरूट मऊसूत होते. शेठ खूश झाले. कॅम्पात एक म्हातारा साहेब होता. तो ज्याला चांगलं म्हणेल तोच माल खपायचा. त्याला त्यांनी पहिला चिरूट दिला. साहेबानं पेटवला, दोन झुरके घेतले, चिरुटाकडे बघितलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, की मी दुकानात बसलोय की गिरजाघरात? त्यांच्या देवळातही असाच धूप जाळतात म्हणे. त्यानं चिरूट विझवला आणि तो निघून गेला.

शेठनं सगळे चिरूट बाहेर फेकले. निजामला बोलावून एवढंच म्हणाले, "घेऊन जा हे." तो दिवस मला आजही आठवतो. अंगणात आणून त्यानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग पटाश्या तेल लावून गोणपाटात बांधल्या आणि आम्ही येतो असं अन्सारला कळवून टाकलं.

गुलजारबी परत आली. तिनं मला वळवलं, दार उघडलं आणि डोकं आत घातलं. बाहेर काढलं तेव्हा ती हसत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं.

"माझे बाबा पानाच्या टोपलीत मोगऱ्याचं फूलसुद्धा पडू देत नसत," ती म्हणाली. "पान शेजाऱ्याचा वास उचलतं. तंबाखू पानच आहे ना?"

"मी हिच्या भल्यासाठीच केलं," निजाम म्हणाला.

"मला माहीत आहे. आता खरवडा."

आतून रंधा चालेना, जागाच नव्हती. मग त्यानं काचेचा तुकडा घेतला. काचेच्या धारेनं लाकडाचा पातळ पापुद्रा निघतो. अर्धा हात आत, मान वाकडी, असा तो बारा दिवस मला आतून सोलत होता. बोटं कापायची, चिंध्या बांधायच्या, आणि रक्त माझ्यावर सांडू नये म्हणून हा माणूस आधी हात बाहेर काढायचा. आतला पापुद्रा गेला तसं दार सैल झालं, तेव्हा कडेनं तुणीच्याच बारीक पट्ट्या बसवून पतंगाच्या कागदाची परीक्षा पुन्हा घेतली. मला खरवडून घेताना बरं वाटत होतं असं नाही. पण त्याच्या हाताला कंटाळा नव्हता, मग माझी तक्रार कशी असेल?

वास गेला हे ठरवायचं कसं? माणसाचं नाक तर सवयीनं फसतं. गुलजारबीनं घरचं लोणी वाटीत घेऊन दिवसभर माझ्यात ठेवलं. लोण्याला कसलाही वास लगेच लागतो. संध्याकाळी तिनं ते चाखलं आणि मान हलवली. लोबान होता. पुन्हा खरवडणं, पुन्हा सावलीत दार उघडं, पुन्हा लोणी. सातव्या वाटीला तिनं बोट चाटलं, मग निजामला चाटवलं. तो म्हणाला, "हे तर नुसतं लोणी आहे." आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला.

पण शेठ पुन्हा चिरूट देतील का? निजामला सांगता आलं असतं की लाकूड वाईट निघालं, दुसरं लावलं. कुणाला कळणार होतं? तो शेठपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, लाकूड चांगलं होतं, माझ्या बायकोची अक्कल चांगली होती. चूक माझी. मी लोबान जाळला." शेठनं माझं दार उघडून आत वास घेतला. मग म्हणाले, "माझ्या लग्नात आईनं नव्या ट्रंकेत कापूर भरला होता. वर्षभर माझ्या धोतरांना आरतीचा वास यायचा. ठेवा ते कपाट. पण म्हातारा साहेब पुण्याला गेलाय, तो दसऱ्याला येईल. तो पसंत करेल तरच."

त्या पावसाळ्यात गुलजारबी दर गुरुवारी देवळालीला यायची. मंगळू नावाचा टांगेवाला तिला आणायचा, त्याचा टांगा निजामनंच बांधला होता. पावसाळी हवेत तिनं पाण्याचं बोळकं काढून कोरडे कोळसे ठेवले, चिरूट खालवर केले, बुरशीचा ठिपका शोधला. एकही सापडला नाही. मात्र चव कोण सांगणार? शेठ तोंडाला लावणार नव्हते. आणि अन्सारचं पत्र आलं, की दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर झाला नाहीत तर काम दुसऱ्याला जाईल.

रविवारी सकाळी मंगळूचा टांगा दुकानासमोर थांबला. टांग्यात वळकट्या होत्या, भांड्यांचं गाठोडं होतं, पटाश्यांचं गोणपाट होतं. मुंबईची गाडी देवळाली स्टेशनावर दुपारी यायची. साहेब आदल्याच दिवशी परतला होता. तो दुकानात आला आणि शेठनं माझं दार उघडलं. माझ्या पट्ट्या थरथरत होत्या असं म्हणाल तर ते खोटं, लाकूड थरथरत नाही. पण भीती वाटत होती, ते खरं. मी चुकले तर समोरची ती दोघं नाशिक सोडून जाणार होती.

साहेबानं चिरूट उचलला. बोटांनी दाबला, कानाशी नेला, पेटवला. एक झुरका घेतला, दुसरा घेतला. तिथल्याच खुर्चीवर बसला, डोळे मिटले आणि पाऊण चिरूट संपेपर्यंत उठला नाही. मग एवढंच विचारलं, की हे कपाट कुठल्या विलायती कारखान्याचं?

शेठ निजामकडे बघत म्हणाले, "कारखाना हा समोर उभा आहे, साहेब. आणि कारखान्याची मालकीण बाहेर टांग्यात आहे."

निजाम बाहेर गेला. त्यानं टांग्यातलं पटाश्यांचं गोणपाट ओढून छातीशी धरलं. गुलजारबीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवून रडली.

मंगळू म्हणाला, "मिस्त्री, गाडीची येळ झाली. ठेसनावर न्यायचं ना?"

"नाही रे. घोडा वळव. घरी चल."

मंगळूनं घोडा वळवला आणि तो भरलेला टांगा नाशिकच्या रस्त्याला लागला. मी दुकानातून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. आयुष्यात मला पुष्कळ कौतुक मिळालं, साहेब लोक मला बघायला यायचे, शेठनं माझ्यासारख्या आणखी सहा करून घेतल्या. पण त्या टांग्यानं रस्ता बदलला, त्याच्याइतकं मोठं मला काहीच वाटत नाही.

आता ते दुकान नाही, साहेब नाहीत. कुणाच्या तरी घरी, जिन्याखाली मी उभी आहे. घरच्या मुली प्रेमळ आहेत. माझ्यात त्या लोकरीचे कपडे ठेवतात, डांबरगोळ्या टाकतात, आणि परवा तर आतून गुलाबी रंग द्यायचं बोलत होत्या. मित्रांनो, त्यांना कुणी तरी सांगा. निजामचंही माझ्यावर प्रेमच होतं, आणि त्या प्रेमानंच मला एकदा बिघडवलं होतं. मग मला काय हवं, काय नको हे तपासत तपासत त्यानं बोटं कापून घेतली, तेव्हा कुठे मी कामाची झाले. वस्तू असो, जनावर असो की माणूस, जीव लावा, पण त्याला काय सोसतं ते आधी बघा. मला रंग नको. कोरड्या फडक्यानं पुसा, चार दिवस दार उघडं ठेवा, आणि माझ्यात काही घालण्याआधी एकदा स्वतःचं नाक आत घालून बघा.